'भस्मासुर' म्हणून आपण मोकळे झालो : मेरी शेलीची 'फ्रँकेनस्टाइन'

रानजाई

एखाद्याने पोसलेला माणूस त्याच्यावरच उलटला की आपल्याकडे लिहिणारे दोन शब्द हमखास वापरतात. एक भस्मासुर, दुसरा फ्रँकेनस्टाइन. जणू दोन्ही एकच. मीही शाळेपासून तसंच धरून चालले होते. यंदा पावसाळ्यात मेरी शेलीची मूळ कादंबरी, १८१८ ची आवृत्ती, सावकाश वाचून काढली. तेव्हापासून ती डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

भस्मासुराने तप केलं, वर मागून घेतला आणि मिळाल्याबरोबर देणाऱ्याच्याच डोक्यावर हात ठेवायला निघाला. त्याची हाव आधीपासूनची. शेलीच्या पुस्तकातल्या त्या जिवाने काहीच मागितलेलं नाही, जन्मसुद्धा नाही. आणि फ्रँकेनस्टाइन हे त्याचं नाव नव्हेच, ते त्याला घडवणाऱ्या व्हिक्टरचं आडनाव. त्याला नाव ठेवण्याची तसदी कुणी घेतली नाही. सैतान, पिशाच्च, अधम, असल्या शिव्यांनीच त्याचा उल्लेख होतो. मी इथे त्याला नुसतं 'तो' म्हणणार आहे.

जन्माचा प्रसंग ज्यांनी फक्त सिनेमात पाहिलाय त्यांच्यासाठी सांगते. कडाडणारी वीज नाही, टाळ्या नाहीत. नोव्हेंबरातली उदास रात्र, खिडकीवर पाऊस, विझत आलेली मेणबत्ती, आणि त्या उजेडात उघडलेला एक पिवळसर डोळा. व्हिक्टरने जवळजवळ दोन वर्षं यावर घातलेली आहेत. अवयव त्याने सुंदर बघून निवडलेत: केस काळे तुकतुकीत, दात मोत्यासारखे. पण डोळा उघडला आणि तो त्या खोलीतून पळाला. शेजारच्या खोलीत जाऊन कपड्यांसकट बिछान्यावर पडला. मध्यरात्री दचकून जागा झाला तेव्हा 'तो' पलंगाचा पडदा वर धरून उभा. तोंडातून काहीतरी अस्फुट आवाज निघतोय, गालांवर हसल्यासारख्या सुरकुत्या, आणि एक हात पुढे आलेला. व्हिक्टरला वाटलं, हा मला धरायला आलाय. तो जिना उतरून अंगणात पळाला आणि उरलेली रात्र तिथेच येरझारा घालत राहिला.

आता हे वर्णन पुन्हा वाचा. अस्फुट आवाज, हसू, पुढे आलेला हात. आपल्या घरात कुणी असं केलं तर आपण काय करतो? उचलून घेतो. पुस्तकात पुढे जे काही रक्त सांडतं त्याच्या आधी ही घटना घडलेली आहे. त्याने अजून काहीही केलेलं नाही आणि निकाल लागलाय.

हे इथे थांबत नाही. जंगलालगतच्या एका झोपडीला टेकून असलेल्या पडवीवजा खोपटात तो वर्षभर लपून राहतो. भिंतीच्या फटीतून डे लेसी कुटुंब बघत बघत बोलायला शिकतो, वाचायला शिकतो. सुरुवातीला तो त्यांच्यातलं अन्न चोरायचा. त्यांनाच पुरत नाही हे कळल्यावर चोरी बंद केली आणि रानातली कंदमुळं खाऊन राहिला. रात्री लाकडं तोडून त्यांच्या दारात आणून ठेवायचा. घरातल्या लोकांना वाटायचं, कुणी भला आत्मा आपल्यावर कृपा करतोय. आणि एक दिवस हाच भला आत्मा समोर आला तेव्हा घरातल्या मुलाने, फेलिक्सने, त्याला काठीने मारला.

त्या घरात त्याच्याशी माणसासारखं बोलला तो एकटा म्हातारा डे लेसी, कारण तो आंधळा होता. तुझा चेहरा मला दिसत नाही, पण तुझ्या बोलण्यात खरेपणा वाटतो, असं तो म्हणतो. पुस्तकभर त्याच्याशी असं बोललेला हा एकच माणूस.

मला वाटतं, वाचकांनी या पुस्तकाचं तेच केलं जे पुस्तकातल्या माणसांनी त्याचं केलं. चेहरा बघितला, नाव ठेवलं, ऐकून घेतलं नाही. कादंबरीच्या अगदी मध्यावर तो स्वतःच्या तोंडाने स्वतःची हकीकत सांगतो. बाहेर उत्तर ध्रुवाकडे जहाज घेऊन निघालेल्या वॉल्टनची पत्रं, त्यांच्या आत व्हिक्टरची कहाणी, आणि तिच्याही आत याचं बोलणं. नारळासारखं. मी म्हणते, या पुस्तकात दडलेला खरा माणूस कोण असेल तर तो व्हिक्टर आहे. 'तो' कधीच काही लपवत नाही.

तुम्ही वाचली असेल तर तुमचं काय मत?

खडूफळा

+१. धागा आवडला. तारखेबद्दल एक सांगते. पुस्तक प्रसिद्ध झालं १ जानेवारी १८१८ ला. मराठी माणसाला ही तारीख भीमा कोरेगावमुळे पाठ असते. त्याच दिवशी तिकडे लंडनमध्ये तीन खंडांत, फक्त ५०० प्रती, आणि मुखपृष्ठावर लेखिकेचं नाव नाही.

दडलेल्या माणसांत पहिली लेखिकाच येते. प्रस्तावना तिच्या नवऱ्याने, पर्सी शेलीने, जणू आपणच कादंबरी लिहिली अशा थाटात लिहिलेली. वॉल्टर स्कॉटने परीक्षण लिहिलं तेही पर्सीला लेखक समजून. आणि ज्या एका नियतकालिकाला कुणकुण लागली की हे बाईने लिहिलंय, त्याने तोच दोष वाढवणारा मुद्दा म्हणून मांडला. इंग्रजीत तिच्या नावासह आवृत्ती निघाली १८२३ मध्ये. लिहायला घेतली तेव्हा ती १८ वर्षांची होती. त्या वयात आपण बारावीच्या निकालाची वाट बघत असतो.

कृष्णाकाठ

रानजाई, लेख मनापासून लिहिलाय हे दिसतंय, पण मला हे पटत नाही. स्पष्ट लिहितो, राग मानू नका.

विल्यम हा व्हिक्टरचा लहान भाऊ, पोरच. त्याचा गळा दाबला. क्लेर्वाल हा व्हिक्टरचा मित्र, त्याचा काहीएक संबंध नाही, त्याला मारलं. व्हिक्टरच्या नवरीला, एलिझाबेथला, लग्नाच्या रात्री मारलं. आणि जस्टिन या मोलकरणीला फासावर पोचवलं. हे सगळं त्याने शुद्धीवर राहून, ठरवून केलं. त्याला काठीने मारलं हे वाईटच. पण काठ्या खाल्लेले लोक आपल्या आसपास हजारो आहेत. ते लहान मुलांचे गळे दाबत नाहीत. माझ्या वडिलांनी लहानपणी जे भोगलं ते मी इथे लिहीत नाही, पण त्यांनी आम्हा भावंडांवर कधी हात उगारला नाही.

एखाद्याची हकीकत ऐकली की त्याच्याबद्दल वाईट वाटतं, हे खरं. पण व्हिक्टर मरताना वॉल्टनला हेच बजावून जातो ना, की तो गोड बोलतो, त्याच्या बोलण्याला भुलू नकोस?

रानजाई

राग कशाला मानू, असं बोलणारं कुणीतरी हवंच होतं.

खून खूनच आहेत. मी त्यांना माफी देत नाहीये, आणि शेलीही देत नाही. तोही देत नाही. शेवटी जहाजावर व्हिक्टरच्या प्रेतापाशी उभं राहून तो म्हणतो की तुम्हाला माझा जेवढा तिटकारा येतो तेवढा माझा मलाही येत नाही असं समजू नका. पण तुम्ही दिलेल्या यादीत एक क्रम आहे. विल्यम भेटण्याआधी काय झालं होतं? नदीत बुडणाऱ्या एका मुलीला त्याने पाण्यात उडी घालून बाहेर काढलं आणि शुद्धीवर आणायला धडपडत होता. तिच्याबरोबरचा माणूस धावत आला, मुलीला हिसकावून घेतलं आणि याच्यावर बंदूक झाडली. हाडापर्यंत लागलेली ती जखम घेऊन तो काही आठवडे रानात पडून होता.

त्यानंतर विल्यम दिसतो. आणि मला सगळ्यात जास्त हलवणारी गोष्ट ही की तो विल्यमला मारायला गेलाच नव्हता. त्याच्या मनात येतं की हे पोर इतकं लहान आहे, याच्या मनात अजून कुरूपतेची घृणा शिरली नसेल, याला आपण बरोबर नेऊ, वाढवू, सोबत होईल. पोर किंचाळतं, राक्षस म्हणतं, आणि माझे बाबा फ्रँकेनस्टाइन आहेत, ते तुला शिक्षा करतील असं सांगतं. ते आडनाव ऐकून त्याचा हात आवळला जातो. त्या क्षणी तोही नावावरून निकाल देतो. हे तो शिकला कुठे?

काळाकोट

जस्टिनच्या खटल्यावर लिहितो. माझी २२ वर्षं फौजदारी न्यायालयांत गेली आहेत, आणि ही दोन प्रकरणं वाचताना मला मध्ये उठून गॅलरीत जावं लागलं.

पुरावा काय? त्या रात्री ती घराबाहेर होती. सकाळी मुलाचं प्रेत सापडलं त्या जागेजवळ एका बाजारवालीने तिला पाहिलं, तिने गोंधळल्यासारखी उत्तरं दिली. आणि मुलाच्या गळ्यातलं त्याच्या आईचं छोटं चित्र तिच्या खिशात सापडलं. ती सांगते की मावशीकडून परत येताना मूल हरवल्याचं कळलं, शोधत राहिले, तोवर शहराचे दरवाजे बंद झाले, म्हणून रात्र एका गोठ्यात काढली. चित्र खिशात कसं आलं ते मला माहीत नाही. खरंच तिला माहीत नसतं. ती झोपलेली असताना 'त्याने' ते ठेवलेलं असतं. परिस्थितीजन्य पुराव्याबद्दल १९८४ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच कसोट्या घालून दिल्या, आम्ही त्यांना पंचशील म्हणतो. साखळी इतकी पक्की हवी की आरोपी निरपराध असल्याची दुसरी कुठलीच शक्यता उरू नये. इथे साखळी नाही, एक कडी आहे फक्त.

पुढे ती कबुली देते. का? कारण पाद्री तिच्या मागे लागतो. कबूल कर, नाहीतर धर्मबाह्य करीन, नरकात जळशील. दिवसरात्र ऐकून ऐकून तिला स्वतःलाच वाटायला लागतं की आपण खरंच तशा आहोत की काय. मग ती खोटं कबूल करते आणि एलिझाबेथला रडत सांगते की मी खोटं बोलले, तेवढं एकच पाप आता माझ्या मनाला लागून राहिलंय.

आमच्याकडे १८७२ च्या पुरावा कायद्याचं २४ वं कलम होतं, नव्या साक्ष्य अधिनियमात ते २२ वं झालं. धमकी किंवा आमिष दाखवून घेतलेली कबुली ग्राह्य नाही. ते कलम नीट वाचलं तर लक्षात येतं की धमकी ऐहिक स्वरूपाची लागते आणि अधिकारपदावरच्या माणसाकडून आलेली लागते. नरकाची धमकी त्यात सरळ बसत नाही. म्हणजे आजही जस्टिनच्या वकिलाला त्या कबुलीशी झगडावंच लागलं असतं. इतक्या वर्षांत माझ्या हे लक्षात आलं नव्हतं, या कादंबरीने आणून दिलं.

आता व्हिक्टर. तो कोर्टात बसलेला असतो. खुनी कोण हे त्या दालनात त्याला एकट्याला कळलेलं आहे. बोललो तर लोक मला वेडा म्हणतील, म्हणून गप्प बसतो. आणि वर म्हणतो काय, की तिच्यापेक्षा माझ्या यातना मोठ्या, तिला निदान निरपराधपणाचा आधार होता. मी अनेक आरोपी पाहिलेत. एवढी आत्मदया क्वचित पाहिली. रानजाई म्हणतात ते बरोबर आहे, लपून बसलेला माणूस हाच.

तिसरीघंटा

काळाकोट, प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला. एलिझाबेथ तिच्या बाजूने साक्ष देते ते राहिलं. ती इतकं तळमळून बोलते, आणि त्याचा परिणाम उलटा होतो. लोक म्हणतात, बघा, एवढ्या चांगल्या माणसांचं मीठ खाऊन ही अशी निघाली. न्यायाधीशांच्या मतदानात सगळ्या गोळ्या काळ्या, म्हणजे दोषी ठरवणाऱ्या, पडतात.

मी नाटकवाली असल्यामुळे मला दुसरंच आठवत राहतं. १८२३ मध्ये लंडनला या कादंबरीवर पहिलं नाटक आलं, रिचर्ड पीकने लिहिलेलं. जाहिरातीत पात्रांच्या यादीत 'त्याच्या' नावाच्या जागी नुसती रेघ होती आणि पुढे नटाचं नाव, टी. पी. कुक. मेरी शेली स्वतः नाटक बघायला गेली, आणि ज्याला नाव नाही त्याचं नाव असं दाखवणं तिला आवडलं होतं. १९३१ च्या सिनेमात सुरुवातीच्या श्रेयनामावलीत त्याच्यासमोर प्रश्नचिन्ह आहे. बोरिस कार्लॉफचं नाव शेवटी येतं.

पण नाटकात त्याचं बोलणं काढून घेतलं, सिनेमातही तो मुका केला. आणि सिनेमाने आणखी एक केलं: नोकराच्या हातून चांगला मेंदू पडतो, म्हणून तो गुन्हेगाराचा मेंदू उचलून आणतो. कादंबरीत असलं काही नाही. एकदा मेंदूच गुन्हेगाराचा म्हटलं की प्रेक्षकाला पुढे विचार करायची गरज उरत नाही. कृष्णाकाठ, तुम्ही तसं म्हणत नाही आहात, हे मला कळतंय. तुम्ही तर उलट म्हणताय की त्याच्याकडे निवड होती. मूळ पुस्तकही तेच म्हणतं. सिनेमाने ती निवडच काढून घेतली.

लेमानकाठी

जिनिव्हाहून लिहितोय, इथे येऊन आठ वर्षं झाली. विल्यमचा खून होतो ते प्लेनपॅले म्हणजे आता शहराच्या मधलं मोठं मोकळं मैदान. बुधवारी आणि शनिवारी तिथे जुना बाजार भरतो, पोरं स्केटबोर्ड खेळतात. २०१४ पासून तिथे 'त्याचा' ब्राँझचा पुतळा आहे. चौथरा नाही, कठडा नाही. जमिनीवर, चालणाऱ्या माणसांत उभा केलाय. माझी मुलगी तीन वर्षांची असताना त्याच्या पायाला धरून उभी राहिली होती. तेव्हा मी पुस्तक वाचलं नव्हतं, नाहीतर तो फोटो काढताना माझा हात थरथरला असता.

जस्टिनची मावशी शेन गावात राहते. ते आता शहराला चिकटलंय, प्लेनपॅलेहून ट्राममध्ये बसलं की थोड्या वेळात तिथे. शहराचा जुना तट १९ व्या शतकाच्या मध्याला पाडला. मी त्या ट्रामने रोज जातो, आणि हा धागा वाचल्यापासून मनात येतं की एका मुलीचा जीव एवढ्याशा अंतरापायी गेला. दरवाजा उघडा असता तर ती घरी जाऊन झोपली असती.

दाईमाय

मी प्रसूती विभागात काम करते. रानजाईंनी पडद्याचा प्रसंग लिहिलाय त्यावर फक्त एवढंच.

मेरीची आई तिच्या जन्मानंतर अकराव्या दिवशी गेली, १० सप्टेंबर १७९७ ला. मेरीचं स्वतःचं पहिलं मूल, दिवस पुरे होण्याआधी झालेली मुलगी, १८१५ च्या मार्चमध्ये दोन आठवडेही न जगता गेली. त्याच महिन्यात तिने रोजनिशीत लिहिलंय की स्वप्न पडलं, बाळ पुन्हा जिवंत झालं, ते नुसतं गारठलं होतं, आम्ही शेकोटीसमोर त्याला चोळलं आणि ते जगलं. जाग आली तर बाळ नाही.

बाळ रडलं नाही की आम्ही अजून हेच करतो. पुसतो, पाठ चोळतो, ऊब देतो. त्या वेळी खोलीत कुणी बोलत नाही. ज्या बाईने हे स्वप्न लिहिलं तिनेच पुढच्या वर्षी उन्हाळ्यात, निर्जीव शरीरात जीव आला आणि बाप पळून गेला, असा प्रसंग लिहिला. व्हिक्टरची बाजू कुणी माझ्यासमोर मांडू नये.

मोगरा

खूप दिवस नुसती वाचत होते, आज लिहिते.

मला कोड आहे. चेहऱ्यावर, मानेवर, दोन्ही हातांवर. मी एका पतसंस्थेत आतल्या टेबलावर बसते, ठेवीदारांचे फोन घेते. तिथे बसवलं ते का, हे कुणी बोलून दाखवलं नाही आणि मी विचारलं नाही. एक निवृत्त शिक्षक दर महिन्याच्या पाच-सहा तारखेला फोन करायचे. व्याज जमा झालं का एवढंच विचारायचं असायचं, पण मग पंधरा मिनिटं बोलायचे. बायको गेल्यापासून स्वयंपाक शिकतोय, आज आमटीत मीठ विसरलो, असं काहीबाही. मला बाळ म्हणायचे. तुझा आवाज ऐकला की घरात कुणीतरी आल्यासारखं वाटतं, असं म्हणाले होते एकदा.

दिवाळीच्या आधी ते ऑफिसात आले. स्वतः केलेल्या करंज्यांचा डबा घेऊन. शिपायाला माझं नाव विचारत होते. मी उठून गेले, म्हटलं सर, मीच. हात पुढे केला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग हाताकडे बघितलं, आणि डबा काउंटरच्या कडेवर ठेवून दोन बोटांनी माझ्याकडे सरकवला. घाईत आहे म्हणाले. दोन मिनिटांत गेले.

पुढच्या महिन्यात सहा तारखेला फोन आला. बाळ, व्याज जमा झालं का गं? तोच आवाज, तेच प्रेम. मी आकडा सांगितला. त्यांनी आमटीचं सांगितलं. मी ऐकलं. अजून येतो फोन.

डबा माझ्या टेबलाच्या खणात आहे. स्टीलचा, झाकणावर त्यांच्या बायकोचं नाव कोरलेलं. त्यांनी मागितला नाही आणि मला पाठवून द्यायचं धैर्य होत नाही.

डे लेसींचं प्रकरण मी तीनदा वाचलं. 'तो' स्वतःला पहिल्यांदा तळ्याच्या पाण्यात बघतो आणि मागे सरतो, हा मीच का हे त्याला खरंच वाटत नाही, ते चारदा.

रानजाई

मोगरा, काय लिहू तुला. वाचून बराच वेळ स्क्रीन तशीच ठेवून बसले होते. लिहिलंस हे फार चांगलं केलंस.

निळीशाई

मोगराताईंच्या प्रतिसादानंतर लिहिणं अवघड आहे, पण एक राहून जातंय. पुस्तक स्वतःही घाईने निकाल देतं, आणि आपण भारतीय वाचकांनी ते डोळ्याआड करू नये.

वॉल्टनच्या चौथ्या पत्रात बर्फावर दुरून जाणारी एक घसरगाडी दिसते. त्यात 'तो' असतो. दुसऱ्या दिवशी व्हिक्टर सापडतो, आणि वॉल्टन बहिणीला लिहितो की हा कालच्यासारखा कुठल्यातरी अज्ञात बेटावरचा रानटी माणूस नव्हता, हा युरोपियन होता. तोंड उघडण्याआधी, अर्ध्या मैलावरून वर्गवारी झालेली आहे. पुढे झोपडीत फेलिक्स त्याच्या प्रेयसीला, साफीला, व्होल्ने या फ्रेंच लेखकाचं पुस्तक वाचून दाखवतो, तेव्हा भिंतीआडून ऐकणारा 'तो' जगाचा इतिहास शिकतो. त्यात तो काय शिकतो? आशियाई लोक आळशी, ग्रीक लोक अफाट बुद्धीचे. ज्याला एका नजरेत राक्षस ठरवलं गेलं तो भिंतीपलीकडे बसून आपल्याबद्दल हे पाठ करतोय. पण त्याच धड्यात अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचं काय झालं ते ऐकून तो रडतो, साफीही रडते. दोन्ही एकाच प्रकरणात.

१८३१ ची सुधारलेली आवृत्ती काढून बघा. तिथे क्लेर्वाल फारसी, अरबीबरोबर संस्कृत शिकतोय, आणि हिंदुस्थानात जाऊन तिथल्या भाषांच्या ज्ञानावर युरोपच्या वसाहतींना आणि व्यापाराला हातभार लावायचं त्याचं स्वप्न आहे. हा कादंबरीतला सगळ्यात निर्मळ, प्रेमळ माणूस. मेरीने त्याच्या भलेपणात भर म्हणून हे घातलंय, तिला त्यात वावगं काही दिसलं नाही. मला ती वाचताना थांबावंसं वाटलं नाही, उलट जवळची वाटली. इतकं स्वच्छ दिसणाऱ्या बाईलाही एक बाजू दिसत नव्हती.

रानजाई, एक छोटी भर: तुम्ही वाचलेल्या १८१८ च्या आवृत्तीत एलिझाबेथ व्हिक्टरची सख्खी आतेबहीण आहे, १८३१ मध्ये ती सांभाळायला आणलेली परकी मुलगी झाली. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच प्रती १८३१ च्या असतात, नवीन वाचणाऱ्यांनी घेताना बघून घ्या.

काळाकोट

निळीशाई, उत्तम. 'त्याने' जस्टिनच्या कपड्यात चित्र ठेवलं ते करताना तो काय म्हणतो, हेही यात जोडा. फेलिक्सचे धडे आणि माणसांचे रक्तपिपासू कायदे, यांच्यामुळे मला घात करता यायला लागला. पुरावा कसा पेरायचा आणि न्यायालय त्यावर कसं धावत जाईल हे त्याला भिंतीआडून कळलेलं आहे.

कृष्णाकाठ

सगळे प्रतिसाद वाचले. काल रात्री डे लेसींचं प्रकरण पुन्हा काढून वाचलं.

माझं मत बदललेलं नाही. जस्टिन झोपलेली असताना तिच्या कपड्यात ते चित्र ठेवणं हे मी त्याला माफ करू शकत नाही. विल्यमच्या वेळी हात आवळला गेला असेल. चित्र ठेवताना हात शांत होता.

पण एक गोष्ट मी पहिल्या वाचनात पाहिली नव्हती, ती मान्य करतो. फेलिक्स काठीने मारत असतो तेव्हा 'तो' म्हणतो की मी याला एका झटक्यात फाडू शकलो असतो, पण मन जड झालं आणि हात उचलला नाही. तो मार खात राहतो आणि निघून जातो. रात्री रानात ओरडत फिरतो, आणि दुसऱ्या दिवशी काय ठरवतो? की आपलीच घाई झाली, म्हाताऱ्याशी आधी नीट ओळख करून घ्यायला हवी होती, परत जाऊन त्यालाच भेटू.

तो परत येतो तेव्हा घर रिकामं. फेलिक्स घरमालकाशी बोलतोय. तीन महिन्यांचं भाडं बुडेल, परसातलं पीक जाईल, तरी आम्ही इथे राहणार नाही, माझ्या वडिलांच्या जिवाला धोका आहे, असं सांगतोय.

मोगराताई, तुमचं लिहिलेलं वाचून मी हे पुन्हा पुन्हा शोधलं. त्या दिवशी 'त्याच्याशी' बोललेला, त्याचे हात हातात आलेला, तो म्हातारा एकटा होता. त्याला काय वाटलं, तो मुलाला काही म्हणाला का, गाडीत बसताना त्याने काही विचारलं का, ते पुस्तकात कुठेच नाही. म्हाताऱ्याला कुणी विचारलंच नाही.